आईला न आलेला ताप

साहेब, त्या दिवशी माझ्या आईला ताप नव्हता.

एवढं एकच वाक्य तुम्हाला सांगायचं होतं आणि त्याला मला पंचवीस वर्षं लागली. तुम्ही होता तोवर दरवर्षी ते ओठांपर्यंत घेऊन तुमच्या ओटीवर येत होतो आणि तसंच परत नेत होतो. तुम्ही गेल्यावर मनात आलं, आता राहिलंच, राहू दे. पण गेल्या महिन्यात आपल्या कोर्टात वकिलांच्या खोलीत तुमची तसबीर लावली. तुमच्या वेळचा आता मी एकटाच उरलोय, म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी वाडीतल्या म्हातारीची आणि तिच्या दाराची गोष्ट सांगितली. लोक हसले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण शेवटी तोंडून निघून गेलं, "माझी आई तेव्हा तापाने आजारी होती, तर साहेबांनी तिच्यासाठी स्वतःचा थर्मास दिला." एका तरुण वकीलबाईंनी डोळे टिपले. टाळ्या झाल्या. मी खाली बसलो. तुम्हाला एकट्याला बंद खोलीत सांगितलेलं खोटं मी तुमच्या तसबिरीखाली खोलीभर माणसांना पुन्हा सांगितलं होतं. आता ते ती गोष्ट पुढे सांगतील. तुमच्या चांगुलपणाच्या गोष्टीत माझा खोटेपणा कायमचा जाऊन बसेल. तो तिथून काढायचा, तर सुरुवात तुमच्यापासून करायला हवी.

तुम्ही बदली होऊन आलात तेव्हा मला बेलिफ होऊन वर्षही झालं नव्हतं. घरी, आमच्या निडी गावात, कोणी विचारलं, काय काम करतोस, तर मी सांगायचो, कोर्टाचा पोस्टमन. एकदा तुमच्यासमोरही तसं बोलून गेलो. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "पोस्टमन पत्र टाकून जातो. तुला टाकून जायचं नाही." मला ते तेव्हा कळलं नाही. तुमच्या बऱ्याच गोष्टी सुरुवातीला कोणालाच कळत नव्हत्या. सकाळी कोर्टात येऊन खुर्चीत बसलात की पहिला खटला पुकारायच्या आधी तुम्ही समोरच्या गर्दीला विचारायचात, "लांबून कोण आलंय? गाडी कितीची आहे?" मागून कोणीतरी घाबरत म्हणायचं, "शेवटची यष्टी तीनची हाय, सायेब." की त्याचा पुकारा आधी. एका ज्येष्ठ वकिलांना ते सहन होत नसे. बाहेर व्हरांड्यात ते मोठ्याने म्हणायचे, "हे कोर्ट आहे की यष्टी स्टँड?" ते तुमच्या कानावर आलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी तुम्ही त्यांना अगदी मऊ आवाजात म्हणालात, "आपली मोटार आहे ना? मग आपण थोडे थांबू." ते थांबले. पुढे पुढे तेच स्वतः उठून सांगायला लागले, साहेब, माझा पक्षकार डोंगरातून आलाय, त्याला आधी घ्या.

आता तो दिवस. माघ महिना होता. रोह्याच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला जी कातकरी वाडी आहे, तिथल्या एका म्हातारीच्या नावाचं समन्स माझ्याकडे होतं. शहरात राहणाऱ्या एका जमीनवाल्याने दावा लावला होता की म्हातारीची झोपडी त्याच्या जमिनीत आहे, ती उठवून जागा मोकळी करून द्यावी. वाडीला जायचं तर यष्टीतून उतरून दीड तासाची चढण. आणि त्याच संध्याकाळी पेणजवळ एका गावात भजनाची स्पर्धा होती. आमच्या मंडळात पखवाज मी वाजवायचो. वाडीला गेलो असतो तर स्पर्धा चुकली असती. नाक्यावर चहा पीत मी घड्याळ बघत होतो, तेव्हा जमीनवाल्याचा माणूस शेजारी येऊन बसला. म्हणाला, "कशाला चढतोस उगाच? ती कागद घेणार नाय. सगळ्या वाडीला म्हायती हाय, ती कुनाचा कागद घेत नाय." मी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत, हे तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं आणि ते खरं आहे. पण चहाच्या बाकावरच समन्सच्या मागे मी लिहिलं: प्रतिवादीने समन्स घेण्यास नकार दिला, सबब घराच्या दर्शनी दारावर डकवले. खाली बाकावरच्याच दोघांच्या पंच म्हणून सह्या घेतल्या. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं होतं की हात आपोआप चालला. आणि खरं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगतो, त्या संध्याकाळी पखवाज फार चांगला वाजला. देवाचं नाव घेताना मनात वाडी एकदाही आली नाही.

म्हातारी आली नाही म्हणून दावा एकतर्फी निकाली निघाला. माझ्या सहीचा कागद समोर असताना तुम्ही तरी दुसरं काय करणार? पुढे झोपडीचा कब्जा घेण्याचं वॉरंट घेऊन दुसरा बेलिफ वाडीत गेला, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की आपल्यावर दावा होता, आणि तो आपण हरलोही. दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन कोर्टाच्या दारात येऊन बसली. मी तिथेच उभा होतो. तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? तिने मला कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही तिला आत बोलावलंत, बसायला स्टूल द्यायला लावलंत, आणि कागद काढून म्हणालात, "आजी, तुम्ही समन्स घेतलं नाही म्हणून ते तुमच्या दारावर चिकटवलं, असं इथे लिहिलंय."

"कंच्या दारावर?" तिने विचारलं.

"तुमच्या घराच्या."

"माज्या घराला दार नाय, सायेब. गोणपाट हाय."

पहिल्या बाकावर कोणीतरी हसलं. जमीनवाल्याचे वकील उठून म्हणाले की मग बेलिफाने ते गोणपाटावर चिकटवलं असेल. म्हातारी त्यांच्याकडे वळली. "गोणपाटावर कागुद चिकटतो व्हय? चल, तूच ये नि चिकटवून दाव." तेव्हा सगळं कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा. लेक तिचा पदर ओढून "गप गो आये" म्हणत होती. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही कागद उलटा करून त्याच्यावरची सही पाहिलीत आणि मग मान वर करून मला शोधलंत. मी अजून कधीकधी दारात उभा असलो की ती नजर आठवते. रागाची नव्हती. एखाद्याच्या हातातून भांडं पडलं की त्याला लागलं का हे आपण आधी बघतो, तशी होती.

दुपारच्या सुट्टीत तुम्ही मला खोलीत बोलावलंत. ओरडाल, असं वाटलं होतं. तुम्ही डबा बाजूला सारलात आणि म्हणालात, "मला त्या बाईच्या घरी जाता येत नाही. पक्षकाराच्या घरी न्यायाधीश जात नाही, तसा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. इथे खुर्चीत बसून मी लोकांची घरं तोडायची की ठेवायची ते ठरवतो, आणि ती घरं मी कधी बघितलेली नसतात. कोर्टाला डोकं आहे. पाय नाहीत. पाय म्हणजे तू." मग "का गेला नाहीस?" एवढंच विचारलंत. त्या क्षणी 'भजनाला गेलो' असं सांगायला माझी जीभ वळली नाही. देवाचं काम आणि म्हातारीचं घर एका वाक्यात कसं बसवायचं ते मला समजेना. "साहेब, आईला ताप होता," मी म्हणालो, "घरी दुसरं कोणी नव्हतं. ताप आता पुन्हा आलाय." तुमचा चेहरा बदलला. तुम्ही विचारलंत, "किती दिवस?" मी म्हणालो, चार. ते चार मी कुठून आणले, देव जाणे.

तुम्ही मला सोडून दिलं नाहीत. माझ्या नावाने लेखी ताकीद काढलीत, ती आजही माझ्या फायलीत आहे. पण नोकरी ठेवलीत. म्हातारीला सरकारी खर्चाने वकील मिळवून दिलात, एकतर्फी हुकूम रद्द केलात, दावा पुन्हा सुरू केलात. आणि नवं समन्स माझ्याच हातात दिलंत. "वर जा. कागद देऊन निघायचं नाही. तिच्यासमोर बसून पूर्ण वाचून दाखव. मग तिला विचार काय कळलं. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत मागे लिहून आण." अशी पद्धत कुठल्या नियमात नव्हती. मी गेलो. म्हातारी गोणपाट वर करून बाहेर आली, मला खालून वरपर्यंत बघितलं. "तू व्हय तो दारावाला?" मी मान खाली घातली. "बस. चढून आलास ते बरा केलास. मला वाटला तुला पाय नायत." हा शब्द तुम्ही दोघांनी ठरवून घेतला होता की काय, असं मला वाटलं. मी वाचलं. तिने मधे तीनदा थांबवलं. मग मी तिला विचारलं, काय कळलं? ती म्हणाली, "यो मानूस म्हणतो जागा त्याची. मी म्हणते माजी. सायेब दोगांचा ऐकल मंग ठरवल. तारकंला जायाचा." समन्सच्या मागे मी तेच लिहून आणलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि म्हणालात, माझ्या समन्सपेक्षा हे सोपं आहे.

मी तापाचं सांगितलं त्याच आठवड्यात, शनिवारी निघताना तुम्ही मला हाक मारली होतीत. हातात तुमचा निळा थर्मास होता, तुम्ही रोज ज्यातून चहा प्यायचात तो. "आईला गरम पाणी लागेल. ताप उतरल्यावर घसा कोरडा पडतो. मला घरी दुसरा आहे." दुसरा नव्हता. सोमवारपासून तुम्ही चहा बाहेरून मागवायला लागलात, आम्ही सगळे बघत होतो.

मी थर्मास घेऊन निडीला घरी गेलो. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं आणि मी सांगितलं. तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. तिचा हात पिठातच थांबला. "माजा ताप? मला कवा ताप आला रं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "देवाचा नाव घ्यायला गेलास नि आयेच्या अंगात ताप घालून आलास." ओरडली नाही. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. मग थर्मास हातात घेऊन फडक्याने पुसला आणि देवाच्या फळीशेजारी ठेवला. "ज्या दिशी त्यांना खरा सांगशील, त्या दिशी हेच्यात चा भरीन. तवर हात लावायचा नाय." मी म्हणालो, सांगतो, सोमवारी सांगतो. आई रोज सकाळी देवाला फूल वाहिलं की त्याच्यावरची धूळ पुसायची. मी दिवा लावायला उभा राहिलो की देवाच्या आधी मला थर्मास दिसायचा. अजून दिसतो.

सोमवारी तुम्ही मला विचारलंत, "ताप उतरला का?" मी म्हणालो, उतरला. तिथेच संधी गेली. एकदा उतरवलेला ताप मुळात नव्हताच म्हणून कसं सांगणार?

दावा दोन वर्षं चालला. तुम्ही जागेची मोजणी करायला लावलीत, आणि जमीनवाल्याची हद्द ओढ्यापाशीच संपते, झोपडी ओढ्याच्या वर आहे, असं निघालं. निकाल वाचताना तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हातारीला काहीच कळलं नव्हतं. तुम्ही मान वर करून सांगितलंत, "आजी, घर तुमचं तुमच्याकडे." ती म्हणाली, "मंग मी काय म्हणत व्हते?" आणि यष्टी गाठायला निघून गेली. लोक म्हणतात तुम्ही दयाळू होता. होताच. पण मी जवळून पाहिलंय, तुम्ही तिला काही दान दिलं नाहीत. तिचं म्हणणं ऐकलं जाईल एवढी व्यवस्था केलीत, आणि मग कायद्याने जे निघेल ते निघू दिलंत. झोपडी ओढ्याच्या खाली निघाली असती, तर तुम्ही निकाल तिच्याविरुद्धही दिला असतात, आणि त्या रात्री जेवला नसतात.

तुमची बदली झाली, आणखी दोन-तीन गावं झाली, आणि निवृत्त होऊन तुम्ही पत्नीच्या, म्हणजे आमच्या बाईंच्या, माहेरी पेणला, रामवाडीत येऊन राहिलात. तिथली ओटी म्हणजे दुसरं कोर्टच होतं. पदराखाली कागद धरून बायका यायच्या. तुम्ही सल्ला नंतर द्यायचात, आधी कागद मोठ्याने वाचून दाखवायचात. दर जानेवारीत मी वालाच्या शेंगा घेऊन यायचो, कारण तुम्हाला पोपटी आवडायची आणि बाई म्हणायच्या की पेणच्या बाजारात निवडून शेंगा आणणं तुम्हाला आयुष्यात जमलं नाही. पोपटी लावायची म्हणजे मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर शेंगा, मग पुन्हा पाला, मग जाळ. तुम्ही खुर्ची ओढून धुरात बसायचात. आणि प्रत्येक वेळी, न चुकता, पहिली शेंग सोलताना, "आई कशी आहे?" मी म्हणायचो, बरी आहे. ती खरंच ठणठणीत होती. भात लावणीला उभी राहायची. शेंगा तीच तोडून द्यायची आणि निघताना विचारायची, "सांगनार हायस का यंदा?"

ती गेली त्यानंतरच्या जानेवारीत मी आलो. तुम्ही शेंग हातात घेतलीत आणि विचारलंत. मी म्हणालो, "आई गेली साहेब, श्रावणात." तुम्ही शेंग खाली ठेवलीत. मग अगदी हळू विचारलंत, "तापानेच का रे?"

साहेब, त्याच्याहून सोपी जागा मला देवाने पुन्हा दिली नसती. तुम्ही, मी आणि जाळ. बाई आत होत्या. मी म्हणालो, "नाही साहेब, वयानं." आणि मडक्याकडे बघायला वाकलो. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. तुम्हाला तो वाकलेला माणूस रडतोय असं वाटलं. पुढच्या पोपटीला तुम्ही नव्हता. तुमच्या अंत्ययात्रेला वाडीची माणसं टेम्पो करून आली होती, म्हातारीची लेक पुढे होती. म्हातारी तुमच्या आधीच गेलेली.

आता मी नाझर आहे, बेलिफांची कामं वाटून देतो. हल्ली समन्स द्यायला गेलं की घरासमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढून पाठवावा लागतो, कुठून काढला तेही दिसतं. न जाता लिहिण्याची सोय राहिलेली नाही. पण जाऊन टाकून येण्याची आहे. म्हणून मी नव्या बेलिफांना सांगतो, वाचून दाखवा, त्यांना काय कळलं ते लिहून आणा. काही आणतात. गेल्या आठवड्यात साक्षीचं एक समन्स वाडीचं होतं, ते मी स्वतः घेऊन गेलो. गुडघे आता ऐकत नाहीत. म्हातारीच्या लेकीचं घर पक्कं झालंय, पत्र्याचं हिरवं दार आहे. तिने मला येताना पाहिलं, आत गेली, दार लावून घेतलं आणि आतून ओरडली, "चिकटव आता. दार हाय." मग हसत उघडलं, पाणी दिलं. मी समन्स वाचून दाखवलं. निघताना तिला सांगितलं की साहेबांना मी आईच्या तापाचं खोटं सांगितलं होतं. तिने विचारलं, "मंग तू त्या दिशी व्हतास कुठं?" भजनाला, मी म्हणालो. "बरा वाजवलास का?" हो. "मंग त्यांना तसा सांगायचा व्हता. त्यांनी आयकला असता," ती म्हणाली. ते खरं आहे. तुम्ही ऐकलं असतंत.

त्या वकीलबाईंनाही सोमवारी गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो काका, गोष्ट किती छान आहे." मी म्हणालो, "बाई, छान आहे म्हणूनच दुरुस्त करा." त्यांनी मान हलवली. करतील की नाही माहीत नाही.

ज्याला कागद द्यायचा तो माणूस हयात नसेल, तर मागे 'सदर इसम मयत' असं लिहून आम्ही कागद परत आणतो. तुमच्या नावाचा हा माझा कागदही घरीच राहील, देवाच्या फळीशेजारी. थर्मास आज खाली काढला. धुतला, चहा भरला. एवढ्या वर्षांनी झाकण घट्ट बसतं अजून.

फक्त एक राहिलं. हे लिहायला बसलो तेव्हा सुरुवातीला दुसरंच वाक्य लिहिलं होतं: परवा रामवाडीत तुमच्या ओटीवर जाऊन उभा राहिलो आणि हे सगळं तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. मी गेलो नव्हतो, साहेब. ते वाक्य खोडलं आहे.